मॉडेल रेल्वेच्या नॅरोगेज लेआउटवर इंजिन अडखळते किंवा मध्येच थांबते: लक्षणे आणि क्रमाने करावयाची तपासणी

लक्षणे

इंजिन थांबते, एवढेच सांगून भागत नाही. ते कोठे थांबते, केव्हा थांबते आणि थांबल्यावर त्याचा दिवा चालू राहतो की विझतो, या तीन गोष्टी कागदावर लिहून झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नये. ग्वाल्हेर–श्योपूर या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे बोर्डांवर मांडलेल्या तिच्या छोट्या, विजेवर चालणाऱ्या प्रतिकृतीवर, हा दोष मी वारंवार दुरुस्त केला आहे, आणि ही टिपणे नीट ठेवलेली असली तर बोर्ड पाहण्याआधीच दोष कोणत्या बाजूला असावा याचा अंदाज बहुधा येतो.

दिवा विझून इंजिन थांबत असेल आणि बोटाने हलकेच पुढे सरकवताच पुन्हा चालू लागत असेल, तर वीज इंजिनापर्यंत पोहोचत नाही. दिवा जळत असताना इंजिन थांबत असेल, तर वीज पोहोचते आहे आणि अडचण मोटर, दातेरी चाके किंवा आसात अडकलेल्या धाग्यात आहे. सगळी इंजिने एकाच जागी थांबत असतील तर दोष रुळात असतो. एकच इंजिन सगळीकडे थांबत असेल तर इंजिनात. सगळी इंजिने सुरुवातीला व्यवस्थित धावून तास-दोन तासांनी सगळीकडे अडखळू लागली, तर रुळावर थर जमला आहे किंवा वीजपुरवठा खाली गेला आहे. कंट्रोलरच्या तारा जेथे रुळाला जोडल्या आहेत तेथून दूर जाताना गाडी मंदावते आणि परत जवळ येताना आपोआप वेग घेते, हे मधल्या जोडांमध्ये व्होल्टेज गळत असल्याचे लक्षण आहे. थांबणे केवळ सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) होत असेल, केवळ दोन बोर्ड जुळतात तेथे होत असेल, किंवा सकाळी मुळीच नसून दुपारी होत असेल, तर या प्रत्येकाचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

गाडी रुळावरून उतरते आणि म्हणून थांबते, ही तक्रार वेगळी आहे. मात्र या रेल्वेच्या मॉडेलमध्ये तिचे एक खास कारण संभवते, म्हणून तेवढे येथेच सांगतो. डब्यांच्या टपावर बसलेले प्रवासी दाखवल्याशिवाय ही गाडी ओळखीची वाटत नाही, त्यामुळे हौसेने टपावर माणसांच्या मूर्ती चिकटवल्या जातात. त्या धातूच्या असल्या तर डब्याचा वरचा भाग जड होतो आणि वळणावर डबा कलंडतो. मूर्ती प्लॅस्टिकच्या घ्याव्यात आणि डब्याच्या तळाशी शिशाची किंवा लोखंडाची पट्टी चिकटवावी, म्हणजे हा प्रश्न संपतो.

नॅरोगेजमध्येच हे इतके का होते

ग्वाल्हेरचे तत्कालीन महाराज माधवराव शिंदे यांच्या काळात उभी राहिलेली ही रेल्वे १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोहोचली आणि मार्च २०२० मध्ये गाड्या बंद होईपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचे अंतर ६१० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून कापत राहिली. १:७६ या प्रमाणात ६१० मिलिमीटरचे जवळजवळ ८ मिलिमीटर होतात. पण तयार मिळणारे रूळ, सांधे आणि चेसिस ९ मिलिमीटरच्या एन गेजचे असतात, म्हणून बहुतेक जण ही एका मिलिमीटरची तडजोड पत्करतात. दिसण्यात तिचा फारसा फरक पडत नाही. विजेच्या बाबतीत मात्र पडतो, कारण एन गेजची चेसिस मुळात लहान असते, तिचे वजन काही ग्रॅमांतच मोजावे लागते आणि तिच्या चार किंवा सहा चाकांपैकी एखाद्या चाकावर पकड वाढवण्यासाठी रबरी टायर बसवलेला असतो. रबरातून वीज जात नाही. चार चाकांच्या इंजिनात असा एक टायर असला, तर त्या बाजूच्या रुळावरून वीज घेणारे एकच चाक उरते, आणि त्या एका चाकाखाली धुळीचा कण आला की इंजिन जागच्या जागी थांबते.

म्हणूनच एनडीएम-५ या डिझेल इंजिनाचे मॉडेल, ज्याच्या दोन बोगींची (चाकांच्या चौकटींची) आठही चाके वीज घेतात, त्याच रुळावरून सहज निघून जाते आणि वाफेचे छोटे इंजिन तेथेच अडते. अशा वेळी इंजिनाला दोष देण्याचे कारण नसते. डिझेलला जो रूळ पुरेसा स्वच्छ आहे, तो छोट्या इंजिनाला पुरेसा स्वच्छ नाही, इतकाच त्याचा अर्थ. वीज कंट्रोलरमधून निघून तारेत, तारेतून रुळात, रुळातून चाकात, चाकातून तांब्याच्या पट्टीत आणि पट्टीतून मोटरीत जाते, आणि या वाटेवर जेथे जेथे दोन धातू नुसते एकमेकांना टेकलेले आहेत तेथे तेथे ती तुटू शकते. पुढची सगळी तपासणी या टेकलेल्या जागांची आहे. मोटर बहुधा निर्दोष असते, आणि तरीही पुष्कळ जण सर्वांत आधी तीच उघडून बसतात.

पहिली तपासणी: दोन इंजिने आणि एक पेन्सिल

या तपासणीला काहीच खर्च नाही. एक भरवशाचे इंजिन आणि एक त्रास देणारे इंजिन आळीपाळीने, डबे न जोडता, संथ गतीने संपूर्ण लेआउटवरून न्यावे. जेथे थांबेल तेथे शेजारच्या स्लीपरवर पेन्सिलने बारीक खूण करावी आणि दोन्ही इंजिनांसाठी वेगळी खूण वापरावी. गती संथच हवी, कारण वेगात असलेले इंजिन मृत जागा आपल्या झोकात ओलांडून जाते आणि दोष झाकला जातो. मग इंजिन उलटे फिरवून, म्हणजे त्याचे तोंड दुसऱ्या दिशेला करून, हाच फेरा पुन्हा घ्यावा. रबरी टायर आता दुसऱ्या रुळावर येतो. खुणांच्या जागा बदलल्या तर वीज घेणाऱ्या चाकांकडे लक्ष द्यावे, आणि न बदलल्या तर रुळाकडे.

हे केल्यावाचून साफसफाईला लागले तर दोष तात्पुरता नाहीसा होतो आणि तो मुळात कोठे होता हे कळत नाही. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा राहतो.

दुसरी तपासणी: रुळाचा माथा आणि आतली कड

रूळ पांढऱ्या सुती कापडाने कोरडा पुसावा. कापडावर काळी रेघ उमटली तर घाण आहे. हा काळा थर नुसत्या धुळीचा नसतो. चाक आणि रूळ यांच्यामध्ये सतत उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्या, गिअरमधून झिरपलेले तेल आणि डब्यांच्या प्लॅस्टिकच्या चाकांची झीज हे सर्व मिळून तो बनतो. म्हणूनच डब्यांना धातूची चाके बसवली तर साफसफाईची वारंवारता स्पष्टपणे कमी होते, आणि हा खर्च एकदाच करावा लागतो.

पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात मिळते. घरात उरलेले हँड सॅनिटायझर त्याच्या जागी वापरू नये, कारण त्यात ग्लिसरीन आणि सुगंधी द्रव्ये असतात आणि ती रुळावर चिकट थर सोडतात. केरोसीनही तेलकट थर मागे ठेवते. पॉलिश पेपरने रूळ घासला तर तो क्षणभर लखलखीत दिसतो, पण त्यावर पडलेल्या चरांमध्ये घाण पूर्वीपेक्षा लवकर आणि घट्ट बसते. अगदी वाळलेला रंग किंवा डिंक काढायचा असेल तरच अतिशय बारीक दाण्याचा कागद एखाद्या जागी वापरावा. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. मंडपात निरांजन किंवा उदबत्ती जळत असताना बाटली उघडू नये, आणि रूळ पूर्ण वाळल्याशिवाय वीज सोडू नये.

गणेशोत्सवाचा देखावा म्हणून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात असा लेआउट मांडणाऱ्यांनी धूप, कापूर आणि तेलाचे दिवे यांचा विचार आधीच करावा. त्यांच्या धुरातील तेलकट अंश बंद मंडपात खाली बसतो तो रुळांवरही बसतो, आणि भाद्रपदातली दमट हवा त्यावर धूळ धरून ठेवते. आरतीच्या वेळी लेआउटवर प्लॅस्टिकची चादर अंथरावी आणि आरतीनंतर रूळ कोरड्या कापडाने एकदा पुसावा; एवढ्याने संध्याकाळ निभावते. १९०५ साली सुरू झालेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यासारख्या हिवाळी गर्दीच्या जागी धूर नसतो, पण हजारो पावलांनी उडवलेली कोरडी धूळ असते. ती तेलकट नसल्याने नुसत्या मऊ ब्रशने निघते. मात्र ब्रश फिरवताना ती सांध्याच्या पात्यांकडे लोटली जाणार नाही, हे पाहावे.

रुळाचा माथा स्वच्छ असूनही इंजिन अडत असेल तर आतली कड पाहावी. खडी बसवताना पाणी मिसळलेले फेव्हिकॉल वापरतात. त्याचा पारदर्शक पापुद्रा रुळाच्या आतल्या कडेवर राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही. नखाने खरवडले की कळते. रुळाला गंजाचा रंग दिला असेल तर तोही या कडेवर राहतो, आणि वळणावर चाकाची कड नेमकी तेथेच टेकते.

खऱ्या मातीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. चंबळच्या बाजूचे बीहड, म्हणजे मातीच्या घळी, दाखवण्यासाठी त्या भागातलीच माती चाळून प्लॅस्टर ऑफ पॅरिसवर पसरणे हा मोह स्वाभाविक आहे, आणि रंगाच्या दृष्टीने तिला खरोखर तोड नाही. परंतु नदीकाठच्या वाळूत आणि मातीत लोहयुक्त काळे कण असतात. ते हवेत उडून इंजिनाखाली गेले तर मोटरीच्या चुंबकाला चिकटतात, फिरणारा भाग घासू लागतो, आणि दिवा जळत असताना इंजिन थांबते. माती वापरण्यापूर्वी ती कागदावर पातळ पसरावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एखाद्या जुन्या स्पीकरचे चुंबक तिच्यावरून काही वेळा फिरवावे. पिशवीला चिकटलेले काळे कण पाहिले की ही काळजी अनाठायी नाही, हे पटते. माती चिकटवून झाल्यावर सुटी राहिलेली भुकटी ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने काढून टाकावी. मोकळी माती असलेल्या लेआउटवर पंख्याचा झोत येऊ देऊ नये.

तिसरी तपासणी: चाके

रूळ साफ केला आणि चाके तशीच ठेवली तर पहिल्याच फेऱ्यात चाके आपली घाण रुळावर परत पसरवतात, म्हणून या दोन गोष्टी एकाच बैठकीत कराव्यात. टिश्यू पेपरची पट्टी अल्कोहोलने ओली करून रुळांवर आडवी ठेवावी, इंजिनाची अर्धी चाके पट्टीवर आणि अर्धी मोकळ्या रुळावर येतील असे इंजिन हाताने धरावे, आणि मध्यम वेग द्यावा. कागदावर काळ्या रेघा उमटतात. रेघा येईनाशा झाल्या की इंजिन फिरवून दुसऱ्या बाजूची चाके स्वच्छ करावीत. रबरी टायर अल्कोहोलमध्ये फार वेळ भिजू देऊ नये. तो फुगतो आणि सैल होतो.

चौथी तपासणी: जोड, आणि भार देऊन मोजलेले व्होल्टेज

येथून पुढे मल्टिमीटर लागतो. साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि या कामाला पुरतो. नुसता मीटर रुळाला लावला तर तो सगळीकडे पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि जोड ठीक आहेत असा समज होतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही; सैल, काळवंडलेल्या जोडातूनही तेवढा प्रवाह सहज जातो. इंजिन प्रवाह मागते तेव्हा तोच जोड कमी पडतो. म्हणून मीटरबरोबर भार लावायचा. गाडीचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब घ्यावा; तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे लहान इंजिनाइतका किंवा थोडा जास्त. बल्बाच्या दोन तारा रुळांवर टेकवून त्याच जागी मीटरने व्होल्टेज मोजावे आणि तारजोडणीपासून सुरुवात करून रुळाच्या प्रत्येक तुकड्यावर पुढे जावे. एखाद्या जोडाच्या अलीकडे ११.८ आणि पलीकडे १०.५ आले, तर दोष त्या जोडात आहे. बल्ब मंद होताना डोळ्यांनाही दिसतो, त्यामुळे मीटर नसला तरी निदान मोठा दोष सापडतो.

रुळांच्या टोकांवर सरकवलेल्या धातूच्या जोडपट्टीचे काम रूळ सरळ रेषेत धरणे हे आहे. वीज वाहून नेण्याचे काम ती नवी असेपर्यंत करते आणि मग सोडून देते. खडीचा डिंक तिच्यात शिरतो, हवेने ती काळी पडते, आणि बोर्डाच्या हालचालीने सैल होते. पक्कडीने दाबून ती घट्ट करणे हा त्या दिवसापुरता उपाय आहे. कायमचा उपाय म्हणजे रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार देणे: बोर्डाखालून घरच्या वायरिंगची १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची दोन रंगांची मुख्य तार न्यावी आणि तिला प्रत्येक तुकड्यापासून आलेली बारीक तार जोडावी. लांब लेआउटवर हे काम कंटाळवाणे असते, पण मुळातच ते केलेले असेल तर या लेखातला अर्धा भाग वाचण्याची गरज उरत नाही.

रुळाला डाग देताना (सोल्डर करताना) प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात, म्हणून जागेच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत, रुळाची बाहेरची कड आधी घासून घ्यावी, रूळ आणि तार या दोन्हींना आधी वेगवेगळे कथील लावून घ्यावे आणि मग २५ ते ४० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने एक-दोन सेकंदांत काम संपवावे. आत राळ असलेली सोल्डर वायर वापरावी. पत्र्याच्या कामाचे आम्लयुक्त फ्लक्स वापरू नये. ते नंतर तार आणि रूळ दोन्ही खाते.

पाचवी तपासणी: ऊन आणि थंडी

सकाळी सुरळीत आणि दुपारी बिघडलेला लेआउट पाहून लोक कंट्रोलर गरम झाला असे म्हणतात. तेही होते, पण आधी रूळ पाहावेत. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि जानेवारीच्या पहाटे तो ५ अंशांच्या आसपास येतो. जर्मन सिल्व्हरचा सुमारे ९१ सेंटिमीटरचा रूळ ३५ अंशांच्या फरकाने साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. अशा चार तुकड्यांना सलग डाग दिलेले असले तर वाढ २ मिलिमीटरची होते आणि तिला जायला जागा नसते. रूळ बाजूला वाकतो किंवा स्लीपरमधून उचलला जातो. याउलट भर उन्हाळ्यात रूळ एकमेकांना टेकवून बसवले तर हिवाळ्यात फटी उघडतात आणि जोडपट्ट्या सैल पडतात, आणि मग मेळ्याच्या दिवसांत तक्रार येते.

रूळ थंडीत बसवत असाल तर जोडांमध्ये एटीएम कार्डाच्या जाडीची, म्हणजे पाऊण मिलिमीटरची फट ठेवावी. कडक उन्हाळ्यात बसवत असाल तर व्हिजिटिंग कार्डाएवढी पुरे. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार दिलेली असली तर फटीमुळे वीज तुटत नाही, म्हणून चौथी तपासणी या तपासणीच्या आधी ठेवली आहे. बोर्ड खिडकीतून येणाऱ्या उन्हात उभे करून ठेवू नयेत. पावसाळ्यात एमडीएफचे बोर्ड कडेने फुगतात. त्यांच्या कडांना आणि खालच्या बाजूला रंगाचा हात आधीच दिलेला असावा.

सहावी तपासणी: दोन बोर्डांमधला जोड

प्रदर्शनाला नेण्याजोगा लेआउट तुकड्यांत असतो आणि टेम्पोतून जाताना सर्वाधिक इजा बोर्डांच्या कडांवरच्या रुळांना होते. मंडपातली जमीन सपाट नसते. पाणसळ आडवी आणि उभी दोन्ही बाजूंनी लावून, पायांखाली पातळ पाचरी देऊन बोर्ड समपातळीत आणावेत. हे न करता बोल्ट आवळले तर बोर्ड पिळला जातो आणि लांबच्या एखाद्या सांध्याचे पाते अर्धवट टेकते, जेथे शोधण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. कडेवरच्या रुळांची टोके बोर्डात बसवलेल्या पितळी स्क्रूंना डाग देऊन पक्की केलेली असावीत. वीज एका बोर्डातून दुसऱ्यात नेणारा प्लग हाताने हलवून पाहावा; हलवताना इंजिन दचकत असेल तर आतली एखादी तार सुटली आहे.

कुनो नदीवरचा पूल दाखवणाऱ्या लेआउटमध्ये बोर्डाचा जोड पुलावर येऊ देऊ नये. दिसायला जोड तेथे छान लपतो, पण पुलाखालून हात घालून तार तपासणे प्रेक्षकांसमोर अशक्य होते.

सातवी तपासणी: सांधे

सांध्यावर थांबण्याची कारणे तीन. पहिले, हलणारे पाते बाजूच्या रुळाला नीट टेकत नाही, कारण मध्ये खडीचा दाणा किंवा धूळ आहे. बारीक ब्रशने जागा साफ करून पात्याच्या टोकावर अल्कोहोलने ओला केलेला कागद फिरवावा. दुसरे, ज्या ठिकाणी दोन रूळ एकमेकांना छेदतात तो फ्रॉग प्लॅस्टिकचा आहे. लांब इंजिन त्याच्यावरून जाते, कारण त्याची मागची किंवा पुढची चाके धातूवर असतात. छोट्या इंजिनाची वीज घेणारी चाके एकाच वेळी प्लॅस्टिकवर येतात आणि ते अडते. यावर साफसफाईचा काहीही उपयोग होत नाही. धातूचा फ्रॉग असलेला सांधा बसवावा आणि सांधा ज्या बाजूला वळेल त्या बाजूच्या रुळाची वीज फ्रॉगला मिळेल असा मायक्रोस्विच त्याच्या दांड्याला जोडावा. पात्याच्या स्पर्शावर विसंबून फ्रॉगला वीज देण्याची रचना काही महिने चालते, आणि मग पहिल्या कारणाकडे परत आणते.

तिसरे कारण चाकांचे आहे. चाकजोडीच्या दोन चाकांमधले आतले अंतर ९ मिलिमीटर गेजमध्ये साधारण साडेसात मिलिमीटर असावे. ते कमी-जास्त असले तर चाक फ्रॉगवर चढते, क्षणभर रूळ सोडते आणि वीज तुटते. व्हर्निअर कॅलिपरने सगळ्या चाकजोड्या मोजाव्यात, इंजिनाच्या आणि डब्यांच्याही.

आठवी तपासणी: इंजिन उघडणे

येथवर आल्यावरही एकच इंजिन अडत असेल, तरच ते उघडावे. चाकांच्या मागे टेकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या पाहाव्यात; त्या वाकल्या असतील तर चिमट्याने अगदी थोड्या आत आणाव्यात. जास्त दाब दिला तर चाक फिरण्याऐवजी घसरू लागते. आसांना गुंडाळलेले केस आणि धागे काढावेत. तेल सुईच्या टोकावर येईल एवढेच, आणि तेही आसांच्या टोकांनाच द्यावे. मोटरीच्या ब्रशांवर तेल गेले तर दुरुस्तीचे काम वाढते. हिवाळ्यात पहिल्या काही मिनिटांत इंजिन जड चालत असेल तर जुने ग्रीस घट्ट झाले आहे. ते पुसून प्लॅस्टिकला चालणारे हलके तेल द्यावे. बॉडीत जागा असेल तर आसांच्या वर मधोमध वजन वाढवावे, कारण वजनाने चाकाचा रुळाशी स्पर्श सुधारतो.

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातल्या भोजनाच्या टेबलावरची चांदीची गाडी या संदर्भात आठवते. तिच्यावरची सुरई पाहुण्याने उचलली की गाडी थांबते आणि परत ठेवली की चालू लागते, असे तिचे वर्णन केले जाते. तेथे स्पर्श तुटून गाडी थांबणे ही योजना होती. आपल्या इंजिनात तोच प्रकार विनापरवाना घडत असतो.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वरचे सगळे काम १२ व्होल्टच्या बाजूचे आहे आणि सावधपणे केले तर घरी होण्यासारखे आहे. २३० व्होल्टच्या बाजूला हात लावू नये. अ‍ॅडॅप्टर किंवा कंट्रोलर हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, जळल्याचा वास येत असेल, मुख्य वायरीचे आवरण फाटलेले असेल किंवा कंट्रोलरच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढावा, कंट्रोलर उघडू नये, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मंडपातला पुरवठा जनरेटरवर असेल आणि दिवे मंद-तेज होत असतील तर लेआउट बंद ठेवणे हेच योग्य. मंडपाच्या वायरिंगमधून परस्पर स्वतंत्र लाइन ओढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, ते काम मंडपाच्या इलेक्ट्रिशियनचे आहे.

मोटरीच्या दोन टोकांमधला रोध मीटरवर अखंड शून्याजवळ दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल, तर मोटरीचे गुंडाळे जळले किंवा तुटले आहे. एवढी लहान मोटर पुन्हा गुंडाळण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते, आणि ती बदलताना दातेरी चाकांची जुळणी बिघडण्याची भीती वाटत असेल तर घड्याळे किंवा ड्रोन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्यावी. डिजिटल डिकोडर (रुळातून आलेला संदेश वाचून मोटर चालवणारी छोटी चिप) असलेले इंजिन स्वच्छ रुळावर, स्वच्छ चाकांनी आणि नव्याने रीसेट केल्यावरही प्रतिसाद देत नसेल, तर डिकोडरवर डाग देत बसू नये.

दुरुस्तीला देताना इंजिनाबरोबर पहिल्या तपासणीचा कागदही द्यावा. इंजिन कोठे थांबत होते, तोंड फिरवल्यावर काय झाले, थांबताना दिवा जळत होता की नव्हता आणि बल्ब लावून मोजलेले व्होल्टेज किती आले, हे कारागिराला लिहून मिळाले तर ज्या गोष्टी तपासून झाल्या आहेत त्यांच्यासाठी तो पुन्हा वेळ घालवत नाही. इंजिन नेताना त्याला मूळ पेटीत, चाके वर करून, कापसात न ठेवता फोममध्ये ठेवावे, कारण कापसाचे तंतू आसांत अडकतात.